हात धुण्याचा आवाज

दृष्टी गेलेल्या एका वृद्ध माणसाने विश्वासाने मला एक प्रश्न विचारला आणि मी त्यांना खोटं उत्तर दिलं. उत्तर एका शब्दाचं होतं. ते मी बायकोला कित्येक वर्षं सांगितलं नाही, देवापुढे हात जोडतानाही त्या आठवणीपासून दूर राहिलो, आणि पुढे कितीतरी वर्षं त्याच माणसाच्या पगारावर सुखाने जगलो. त्या उत्तरामुळे एक भाऊ आणि एक बहीण एकमेकांना दुरावले. ते कसं घडलं, हे आता पन्नाशी उलटून गेल्यावर एकदा सरळ लिहून पाहतो आहे.

पुण्याहून मी बहारीनला आलो तो मनामातल्या एका बँकेच्या नोकरीवर. तिथे माझ्या टेबलासमोर एके दिवशी पूर्व आफ्रिकेतला एक तरुण उद्योजक येऊन बसला. एका मोठ्या सरोवराच्या काठच्या गावात त्याच्या कुटुंबाचा कारभार होता. "तुमचा धंदा नेमका कसला?" असं मी विचारलं, तर तो हसून म्हणाला, "सकाळी विचाराल तर पिठाचा. संध्याकाळी विचाराल तर सांगता येत नाही." पुढे त्याने बहारीनमध्ये समूहाचं कार्यालय उघडलं आणि मला बँकेतून उचलून तिथे नेलं. व्हिसा त्याच्या कंपनीचा, घर त्याच्या कंपनीचं, मुलीच्या शिक्षणाची सोय त्याच्या कंपनीची. हे आताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचा संबंध येणार आहे.

त्या समूहाची वाढ मी कागदांवरून नाही, त्या भावंडांच्या तोंडून ऐकली. आई तरुणपणी विधवा झाली आणि तिने डिझेलवर चालणारी पिठाची गिरणी घातली. गावातल्या बायका मका घेऊन येत. पीठ आसपासच्या गावांना पोचवायला जुना ट्रक घेतला. ट्रक सारखा बिघडे, म्हणून गॅरेज काढलं. गॅरेजमध्ये दुसऱ्यांचेही ट्रक येऊ लागले, म्हणून सुट्या भागांचं दुकान. दळायला येणाऱ्या बायका सूर्यफुलाचं बी घेऊन यायला लागल्या, तेव्हा तेलाचा घाणा बसवला. तेलानंतर साबण, साबणानंतर बाटलीबंद पाणी, मग सिमेंट, मग हॉटेलं. आधीच्या धंद्यात अडचण आली की तिच्यातून पुढचा धंदा निघायचा. मोठ्या भावाने हा सगळा डोलारा उभा केला, धाकट्याने, म्हणजे मला बँकेत भेटलेल्या त्या तरुणाने, परदेशातून भांडवल आणलं, आणि मधली बहीण शेवटपर्यंत आईच्या गिरणीत बसली.

त्यांच्या भाषेत मोठ्या भावाला 'काका' आणि बहिणीला 'दादा' म्हणतात. आमच्या घरी याची फार गंमत वाटली होती. माझी मुलगी तर म्हणाली, "बाबा, धिस इज सो कन्फ्युझिंग!" मोठ्या भावाला काका म्हणणं मला जड गेलं नाही, वयाने आणि मानाने ते काकाच होते. बहिणीला दादा म्हणणं मात्र जिभेवर येईना. तिला मी आमचा शब्द सांगितला. तिने तो दोनदा म्हणून पाहिला आणि फर्मावलं, "ताई चांगलं आहे. पण मग तू मला ताईसारखं घाबरलं पाहिजेस." आमचं बोलणं इंग्रजीत चाले, काका मधूनच हिंदी बोलत, कारण लहानपणी ते गावातल्या एका गुजराती दुकानात कामाला होते.

या कुटुंबाची एक रीत होती. त्यांच्या देशात ती सगळीकडे असेल असं मला वाटत नाही. ती त्यांच्या आईने लावलेली होती. कुठलाही नवा धंदा सुरू करायचा किंवा जुना मोडायचा, तर सगळ्यांनी जमिनीवर एका ताटाभोवती बसायचं. ताटात उगाली, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. मोठ्या भावाने बेत मांडायचा. ज्याला तो मान्य आहे त्याने जेवत राहायचं. ज्याला मान्य नाही त्याने मध्येच हात धुवायचा. वादावादी नाही, मतं मोजणं नाही. पाण्याचा जग आणि पत्र्याचं तस्त शेजारीच असे, आणि पाणी तस्तात पडलं की खोलीभर आवाज होई. तो आवाज झाला की मोठ्या भावाने घास खाली ठेवून विचारायचं, "कोणाचं पोट भरलं?" मग ज्याने हात धुतला त्याने बोलायचं, आणि त्याचं म्हणणं संपेपर्यंत पुढे जायचं नाही.

पहिल्यांदा त्यांच्या गावी गेलो तेव्हा हे मी प्रत्यक्ष पाहिलं. मधुमेहाने काकांची नजर तोवर जवळजवळ गेली होती. प्रवासी बस काढण्याचा बेत चालला होता. तस्तात पाणी वाजलं. काका थांबले.

"कोणाचं पोट भरलं?"

"माझं," ताई म्हणाली.

"तुझं नेहमीच लवकर भरतं."

"तू नेहमीच जास्त वाढून घेतोस."

सगळे हसले. मग ताईने बसला विरोध का, ते सांगितलं, आणि बस कधी निघाल्या नाहीत. मी मनातल्या मनात त्या सगळ्याला नावं ठेवली. एवढा मोठा समूह आणि निर्णय काय, तर उष्ट्या हातांनी! माझ्या शिक्षणाचा मला तेव्हा बराच अभिमान होता.

मग तो मोठा व्यवहार आला. आखातातले गुंतवणूकदार समूहात भांडवल घालायला तयार होते. अट एकच होती: कुटुंबाचं सगळं, म्हणजे आईची गिरणी आणि तिची जागासुद्धा, बहारीनमधल्या एका मुख्य कंपनीच्या नावे व्हायला हवं. गिरणी बंद होणार आणि दळण बंदराजवळच्या मोठ्या कारखान्यात जाणार, हे त्यात ओघानेच आलं. कित्येक महिने मी त्या व्यवहारावर राबलो होतो. तो पार पडला की मला संचालकपद मिळणार होतं. धाकट्या भावाने तसं बोलून दाखवलं नव्हतं, पण माझ्या केबिनचं नवं फर्निचर त्याने आधीच पसंत करून ठेवलं होतं.

कुटुंबाची बैठक इथेच, बहारीनच्या किनाऱ्यावरच्या झल्लाक गावातल्या एका रिसॉर्टमध्ये ठरली. व्यवस्था माझ्याकडे होती. समुद्राकडच्या दालनात गालिचा घातला, मधोमध ताट मांडलं. तिथला बँक्वेट मॅनेजर वसईचा होता. मी त्याला रीत थोडक्यात सांगितली तेव्हा तो म्हणाला, "साहेब, किचनमधनं जग आणि मोठा टोप देतो की. काय लागतंय त्याला!"

मी म्हटलं, "नको. बाहेर गुंतवणूकदारांच्या बँकेचे लोक बसलेत. ते बरं दिसणार नाही. तुमचे ते लिंबाच्या पाण्याचे फिंगर बोल आहेत ना, तेच ठेवा."

त्या घडीला माझ्या मनात पाप नव्हतं, निव्वळ संकोच होता. आमच्या माणसांना कोणी अडाणी समजू नये एवढंच वाटलं. 'आमची माणसं' हा शब्द तेव्हा मी खरोखर वापरत असे.

काकांनी बसल्याबसल्या चाचपडून तो काचेचा बोल हातात घेतला. "हे काय? सरबत?"

"हात धुवायचं पाणी आहे, काका. यात बोटं बुडवायची."

"यात आवाज कसा होणार?" ताई लगेच म्हणाली.

जरा कुजबुज झाली. एका पुतण्याने सुचवलं की ताईनेच काकांजवळ बसावं आणि कोणी हात धुतला तर सांगावं. ताईने मान हलवली. "आज गिरणीचा विषय आहे. माझ्याच गोष्टीत मी त्याचे डोळे कशी होऊ? हा बसू दे." तिने माझ्याकडे बोट केलं. "याला आमच्यातलं काही घ्यायचं नाही, द्यायचं नाही. हा खरं सांगेल."

मी काकांच्या उजव्या हाताला बसलो. त्यांनी बेत मांडला. गिरणीचं नाव घेताना ते जरा अडखळले, पण त्यांनी ते घेतलं. सगळे जेवत होते. पुतणे मंडळी एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने फोन सांभाळत होती. ताईने दोन घास खाल्ले. मग तिने समोरचा बोल ओढला, त्यात बोटं बुडवली, एकेक बोट नीट चोळलं, रुमालाला पुसलं, आणि हात मांडीवर ठेवून भावाकडे पाहत बसली. आवाज अजिबात झाला नाही.

काका माझ्याकडे झुकले आणि हलक्या आवाजात हिंदीत म्हणाले, "सबका हाथ थाली में है?"

समोर बसलेल्या धाकट्याने ताईचा ओला रुमाल पाहिला होता. तो माझ्याकडे पाहत होता. त्याने मान हलवली नाही, खूण केली नाही. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण दोष वाटून घ्यायची सवय मला आहे. त्या क्षणी मला आठवला तो माझा व्हिसा, मुलीचं कॉलेज आणि कित्येक महिन्यांची मेहनत. आणि या सगळ्यावर एक गोंडस विचार मी पांघरला: इतका चांगला व्यवहार एका रुमालामुळे मोडू देणं हा त्यांच्यावरच अन्याय नाही का?

"है," मी म्हणालो.

काकांनी मोठा घास घेतला आणि म्हणाले, "यल्ला, खलास. झालं." दालनात टाळ्या वाजल्या. ताई बराच वेळ तशीच बसली होती. तिला विचारलं जाण्याची ती वाट पाहत होती, हे मला कळत होतं. मी ताटात पाहत राहिलो.

परतताना गाडीत धाकटा म्हणाला, "ती होईल शांत. तिला वेळ लागतो." मीही मान डोलावली.

ती शांत झाली, पण आम्हाला अपेक्षित होतं तशी नाही. तिने तक्रार केली नाही, वकील गाठला नाही. तिची समजूत अशी झाली की भावाला कळलं होतं आणि कळूनही त्याने जेवण चालू ठेवलं. आणि काकांची समजूत अशी, की बहीण ताटावर कबूल झाली आणि नंतर रुसून बसली. तिने बैठकींना येणं सोडलं. त्यांनी फोन करणं सोडलं. दोघंही मानी. 'विचारलं नाहीस' हे ती म्हणेना आणि 'फिरलीस का' हे ते म्हणेनात.

समूह मात्र वाढला. व्यवहार चुकीचा ठरला असता तर माझं ओझं कदाचित हलकं झालं असतं. निदान शिक्षा तरी सगळ्यांना मिळाली असती. तसं झालं नाही. नव्या देशांत कारखाने निघाले, पिठाची पाकिटं तर इथे हमद टाउनमधल्या एका छोट्या दुकानातही मी पाहिली. पाकिटावर जुन्या गिरणीचं सुंदर चित्र आहे. खऱ्या गिरणीच्या जागी ट्रकांचा तळ झाला. ताटाची रीतही संपली. आता लांब टेबल असतं, पाण्याच्या बाटल्या असतात आणि मी संचालक म्हणून डाव्या बाजूला बसतो. ताईविषयी काका वर्षातून एखाद्या वेळी बोलत. एकदा मला म्हणाले, "माझ्या ताटात जेवली आणि मग तोंड फिरवलं. असं काय केलं मी?" मी त्यांना चहा हवा का ते विचारलं.

या हिवाळ्यात धाकट्याच्या मुलीचं लग्न इथेच झालं. काका आता धाकट्याकडेच राहतात, तब्येत उतरली आहे. आत्या म्हणून ताईला यावंच लागलं, पण भावाच्या छताखाली राहायला ती तयार होईना. "मी हॉटेलात राहीन," तिने कळवलं. माझी बायको म्हणाली, "हॉटेलात कशाला? अहो, त्यांना आपल्याकडे आणा ना." नाही म्हणायला माझ्याकडे सांगण्यासारखं कारण नव्हतं.

अशी ती आमच्या अरादच्या घरी आली. बॅगेत मक्याचं पीठ होतं. "विमानतळावर विचारलं, हे काय? म्हटलं, पीठ. तो म्हणाला, खरंच पीठ आहे? म्हटलं, थांब, चूल आण, जेवूनच जा." बायकोने त्याच पिठाची भाकरी थापली, तेव्हा ताईने ती उलटसुलट करून पाहिली. "चांगल्या उगालीला एवढं का मारलंस गं?" दोघी हसून हसून दमल्या. सकाळी ती घराजवळच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूने फिरून येई आणि स्वयंपाकघरात बसे. आमचं घर तिला आवडलं होतं. तिच्या प्रत्येक कौतुकाने मी आतून आक्रसत होतो.

लग्नात दोघं मांडवाच्या दोन टोकांना होती. दुसऱ्या दिवशी दुपारी बायको बाजारात गेली असताना ताई मला म्हणाली, "एक विचारू? त्या दिवशी तू त्याच्याजवळ होतास. मी हात धुतल्याचं तू त्याला सांगितलंस, तेव्हा त्याचा चेहरा कसा झाला? तेवढंच सांग. त्याला वाईट वाटलं होतं का?"

इतकी वर्षं तिने तेवढंच जवळ ठेवलं होतं. भावाने ऐकलं नाही हे तिने गिळलं होतं. निदान त्याला वाईट वाटलं होतं का, एवढं तिला हवं होतं.

"आता आठवत नाही, ताई," मी म्हणालो. हे माझं दुसरं खोटं.

त्या संध्याकाळी मी काकांकडे गेलो आणि शुक्रवारी जेवायला या म्हणालो.

"तिने बोलावलंय?"

"मी बोलावतोय."

"मग तुझ्या बायकोच्या हातचं खायला येईन. तिच्यासाठी नाही, हे तिला सांग."

ताईला सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "येऊ दे. मला काय, मी तुझी पाहुणी आहे."

शुक्रवारी बायकोने हॉलमध्ये सतरंजी अंथरली. उगाली ताईने स्वतः ढवळली. परातीत तिचा पांढरा ढीग, भोवती पालक आणि राजमा. मी पितळी तांब्या भरून घेतला आणि त्याच्याशेजारी मोठं स्टीलचं पातेलं ठेवलं. बायको म्हणाली, "अहो, बेसिन आहे की." मी म्हटलं, "असू दे." काकांसाठी खुर्ची ठेवली होती. त्यांनी ती हाताने बाजूला सारली. "ताट खाली आहे ना? मग मी पण खाली." मी आणि बायकोने धरून त्यांना बसवलं. बहिणीकडे त्यांची पाठ नव्हती, तोंडही नव्हतं. मी त्यांच्या उजव्या हाताला बसलो.

काकांनी घास तोंडात घोळवला. "हे तुझ्या बायकोने नाही केलेलं," ते म्हणाले.

"नाही," ताई परातीकडे बघत म्हणाली. "पीठ जाडं दळलंय. पाकिटातलं नाही."

"कळतंय."

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे; जुनी सवय असेल, किंवा तो अबोला त्यांना सोसला नसेल. ते माझ्याकडे झुकले आणि थट्टेच्या सुरात म्हणाले, "अकाउंटंट, सबका हाथ थाली में है ना?" त्यांच्या लेखी पैशांजवळ बसणारा प्रत्येक जण अकाउंटंट होता.

मी पाहिलं. ताईचा हात परातीत होता. माझ्या बायकोचा होता. त्यांचा स्वतःचा, सुरकुतलेला, तोही होता. मी माझा हात बाहेर काढला, पातेलं जवळ ओढलं आणि तांब्या वाकडा केला. पाणी पातेल्यात वाजलं.

काकांचा घास तोंडाजवळ थांबला. ताईने मान वर केली. कितीतरी वर्षांत तो आवाज त्या दोघांनी एकत्र ऐकला नव्हता.

"कोणाचं पोट भरलं?" काका म्हणाले.

"माझं."

"तुझं?" ते हसले. "तुला कशाचा विरोध? इथे कुठला धंदा चाललाय?"

बायको माझ्याकडे बघत होती. माझा आवाज नेहमीच लहान असतो. त्या दिवशी तो दोघांनाही ऐकू जावा म्हणून मला जोर लावावा लागला.

"काका, झल्लाकला तुम्ही मला हेच विचारलं होतं. मी 'है' म्हणालो. ते खोटं होतं. ताईंनी हात धुतला होता आणि मी तो धुताना पाहिला होता. ताई, मी काकांना सांगितलंच नाही. त्यांचा चेहरा कसा झाला ते मला आठवत नाही असं नाही. त्यांना कळलंच नव्हतं, म्हणून तो काहीच झाला नाही. ते कळून जेवत राहिले नाहीत, आणि तुम्ही कबूल होऊन फिरला नाहीत. जग आणि टोप मिळत होता, तो मी नको म्हटला. तुम्ही मला खरं सांगायला बसवलं होतं. मी माझ्या नोकरीसाठी खोटं बोललो आणि इतकी वर्षं तुम्हा दोघांना त्याची शिक्षा भोगू दिली. मी चुकलो. काका, मला माफ करा. ताई, मला माफ करा."